घोडीची अंगकाठी भरण्यासाठी चंदी वाढवावी की वैरण?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

लग्नसराई संपून आषाढ लागला की घोडेमालकांची पत्रे वाढतात. या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे सोलापूर शहर व जिल्ह्यातील असून सर्वांचा विषय घोड्याचे वजन हाच आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. वरातीसाठी घोडे देण्याचा आमचा सोलापुरात पिढीजात व्यवसाय आहे. आमच्याकडे मारवाडी वाणाची, नऊ वर्षांची एक पांढरी घोडी आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ती अंगाने चांगली भरलेली होती. परंतु वैशाख-ज्येष्ठातील लागोपाठच्या तारखांनंतर तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात, पुठ्ठे उतरले आहेत आणि पाठीचा कणा वर आला आहे. तिला सकाळ-संध्याकाळ मिळून दोन किलो भिजवलेला हरभरा, दोन किलो गव्हाचा कोंडा आणि एक किलो मका अशी पाच किलो चंदी देतो. सकाळी कडब्याच्या दोन पेंढ्या व संध्याकाळी एक पेंढी टाकतो. रात्री नऊनंतर काही देत नाही. गूळ, कणकेचे गोळे आणि अंडी देऊन पाहिली, पण फरक पडला नाही. एका जाणत्या माणसाने ताकदीची इंजेक्शने सुचवली आहेत. चंदी सात किलो करावी काय?

उत्तर : चंदी सात किलो करू नये. आज जी पाच किलो दिली जाते तीच निम्म्यावर आणावी आणि वैरण जवळजवळ दुप्पट करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण घोडीवर पुरेसा खर्च करीत आहात आणि आपली कळकळही पत्रातून दिसते. प्रश्न खर्चाचा नसून तो खर्च घोडीच्या पोटात कोणत्या वाटेने जातो याचा आहे.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते. मध्यम बांध्याच्या घोड्यात त्याची धारणक्षमता आठ ते पंधरा लिटर एवढीच भरते. दाण्यातील पिष्ट पचवण्याचे काम लहान आतड्यात होते आणि तिथली क्षमताही मर्यादित असते. खरा कारखाना त्याच्या पुढे, आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात असतो. तेथील कोट्यवधी जिवाणू वैरणीतील तंतू आंबवून त्यातून जी आम्ले तयार करतात, त्यांवर घोड्याची दिवसभराची मोठी ऊर्जा चालते. वैरण कमी पडली की हे जिवाणू उपाशी राहतात. उलट एकाच वेळी खूप दाणा पोटात गेला की न पचलेले पिष्ट मागच्या आतड्यात उतरते, तेथे लॅक्टिक आम्ल वाढते, उपयोगी जिवाणू मरतात आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतील दाह यांपैकी एखादे संकट ओढवते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून जास्त खाल्लेले बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्यापाशी नाही. म्हणून एका वेळची चंदी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावी असा नियम आहे. ती त्याहूनही कमी असलेली बरी. तीनशे किलोच्या घोडीला ही मर्यादा दीड किलोची आहे, आणि आपण एका वेळी अडीच किलो देत आहात.

रात्री नऊ ते सकाळपर्यंत घोडी रिकाम्या पोटी उभी राहते, ही आपल्या पत्रातील मला सर्वाधिक खटकलेली बाब आहे. मोकळ्या रानात घोडा दिवसातले सोळा-सतरा तास चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत राहते, मात्र त्या आम्लाचा जोर कमी करणारी लाळ तो चावत असतानाच सुटते. एक किलो कोरडी वैरण खायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, तर एक किलो ओट दहा मिनिटांत संपतात. आठ-नऊ तास पोट रिकामे राहिले की जठराच्या वरच्या भागात व्रण पडतात. मग घोडा चंदी अर्धवट सोडतो, दात खातो, पाठीवर खोगीर घालताना चिडतो आणि उतरत जातो. मालकाला वाटते की त्याला चंदीची चव आवडत नाही, म्हणून तो तिच्यात गूळ घालतो. आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आहार बदलण्यापूर्वी मात्र घोडी कशाने उतरली हे पाहिले पाहिजे, कारण दातांचे किंवा रक्ताचे दुखणे वैरणीने भरून निघत नाही. प्रथम तिचे खाणे अर्धा तास जवळ बसून पाहावे. वैरणीचे चावलेले, लाळेने ओले झालेले, बोटाएवढे लांबट बोळे तोंडातून खाली पडत असतील, ती एका बाजूने मान वाकडी करून चावत असेल किंवा लिदेत अख्खे हरभरे आणि बोटभर लांब काड्या दिसत असतील, तर दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला व जिभेला जखमा झाल्या आहेत असे समजावे. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि त्यांची झीज सारखी होत नाही. म्हणून वर्षातून एकदा तोंड उघडून तपासणे आणि गरज असल्यास कानस लावून घेणे आवश्यक असते. हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

त्यानंतर लिदेचा ताजा नमुना तपासून जंतांच्या अंड्यांची मोजणी करावी. दर दोन महिन्यांनी डोळे झाकून जंताचे औषध पाजण्याची पद्धत चुकीची आहे. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंत वाढतात. औषध द्यायचेच झाले तर ते वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते, म्हणून वजन ठाऊक असणे येथेही उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट सर्रा या रोगाची. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा परजीवी घोड्याच्या रक्तात शिरतो आणि पावसाळ्यात या माश्या वाढतात. मधूनमधून येणारा व उतरणारा ताप, फिकट हिरड्या, पोटाखाली किंवा पायांवर येणारी सूज आणि चांगले खाऊनही होत जाणारा अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. घोडी खाते पण अंगी लागत नाही असे ज्या घरून मी ऐकतो, तेथे रक्ताची तपासणी केल्याशिवाय मी आहाराबद्दल बोलत नाही. गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिस हा रक्ताचा रोगही याच तपासणीत पाहता येतो. नाकातून घट्ट स्राव आणि कातडीवर गाठी-फोड दिसत असतील तर मात्र घरगुती उपाय करू नयेत. तो ग्लँडर्स असू शकतो, तो माणसालाही होतो आणि त्याची माहिती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ देणे बंधनकारक आहे.

या तपासण्या निर्दोष आल्या तर पुढचे काम मोजपट्टीचे. कापडी टेप घेऊन, घोडी सपाट जागी उभी करून, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत सरळ लांबी घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, हे उत्तर किलोत येते. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो होते. या पद्धतीत थोडा फरक राहतो. परंतु दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, एकाच माणसाने मोजले तर वजन चढते आहे की उतरते आहे हे निश्चित कळते. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला ते कळत नाही.

मोजपट्टीबरोबर हातही हवा. अमेरिकेतील टेक्सास येथे डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक ते नऊ गुणांची पद्धत आज जगभर वापरली जाते. तीत मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्याची मागची बाजू, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ या सहा जागा पाहून व चाचपून गुण देतात. एक म्हणजे हाडांचा सापळा आणि नऊ म्हणजे अति स्थूल. तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून हलके फिरवावा. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, अशी स्थिती पाच गुणांची; कामाच्या घोडीसाठी तेच उद्दिष्ट असावे. आपल्या वर्णनावरून घोडी तीनच्या आसपास असावी. एक गुण वर जाण्यासाठी या बांध्याच्या घोडीचे वजन साधारण पंधरा किलोंनी वाढावे लागते, म्हणून पाचापर्यंत पोहोचायला दोन ते तीन महिने लागतील. त्याहून लवकर भरवण्याच्या घाईत पाय बिघडलेले घोडे मी पाहिले आहेत. चातुर्मासात तारखा नसतात, हा काळ या कामासाठी उत्तम आहे.

आता प्रत्यक्ष वैरण. घोडीचे अपेक्षित वजन ३५० किलो धरले तर तिला दिवसाला त्याच्या दोन टक्के, म्हणजे सात किलो कोरडा चारा मिळाला पाहिजे. हिरव्या चाऱ्यात पाणीच अधिक असल्याने त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो: दहा किलो हिरव्या लसूणघासात कोरडा भाग दोन किलोच्या आसपास असतो. पेंढीचे वजन गावागावांत वेगळे असते, म्हणून पेंढ्या मोजून उपयोग नाही. काट्याला टांगून चार-पाच पेंढ्यांचे वजन घ्यावे आणि सरासरी काढावी. माझी शिफारस अशी : चार किलो कडबा कुट्टी करून, दोन किलो वाळलेले चांगले गवत आणि आठ किलो हिरवा लसूणघास. बांधावरची स्वच्छ हरळी मिळत असेल तर ती घोड्याला फार मानवते; ती मिळेल तेवढी द्यावी आणि तेवढे गवत कमी करावे. ही वैरण चार-पाच वेळांत विभागावी आणि सर्वांत मोठा वाटा रात्रीचा ठेवावा. बारीक विणीच्या जाळीत वैरण भरून ठाणावर छातीच्या उंचीला टांगली तर ती सावकाश खाल्ली जाते, तुडवली जात नाही आणि पहाटेपर्यंत पुरते.

आमच्या भागातील रब्बी ज्वारीचा कडबा, विशेषतः मालदांडी या वाणाचा, जनावरांच्या वैरणीत नावाजलेला आहे आणि तो वापरण्यात काही गैर नाही. तथापि त्याचे जाड धाट कठीण असते आणि त्यात प्रथिने कमी असतात, त्यामुळे केवळ कडब्यावर घोडीचे स्नायू भरत नाहीत. कुट्टी फार बारीक करू नये, दोन ते चार सेंटीमीटरची ठेवावी. आणि पाणी कमी पडू देऊ नये, कारण कोरड्या कडब्यावर पाणी कमी प्यायलेल्या घोड्याच्या आतड्यात चारा दाटून बसतो. गंजीच्या तळाची, पावसाने भिजून काळी पडलेली पेंढी घोड्याला कधीही टाकू नये. म्हैस पचवील म्हणून घोडा पचवील असे नाही.

चंदी अडीच किलोंची करावी आणि ती तीन वेळांत द्यावी : एक किलो भिजवलेला हरभरा, एक किलो भरडलेले ओट किंवा उकडलेले जव, आणि अर्धा किलो कोंडा. मका थांबवावा; अख्ख्या मक्यातील पिष्ट घोड्याच्या लहान आतड्यात नीट पचत नाही आणि बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर परिणाम करतो. हरभऱ्याऐवजी हुलगा द्यायचा असेल तर तो उकडूनच द्यावा. कोंडा कमी करण्यामागचे कारण असे की एक किलो कोंड्यात दहा ते बारा ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि जेमतेम दीड ग्रॅम कॅल्शियम असते. घोड्याच्या आहारात कॅल्शियम हे स्फुरदापेक्षा अधिक हवे. हे प्रमाण महिनोन्महिने उलटे राहिले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते, जबड्याची हाडे सुजून तोंड जड दिसते आणि पाय लंगडतात. हरभरा-कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांत हा दोष मला वारंवार आढळतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तो येथे दुहेरी उपयोगी पडतो. त्याशिवाय घोड्यांसाठीचे खनिज मिश्रण आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

दाणा न वाढवता ऊर्जा वाढवायची असेल तर तेलासारखे साधन नाही. आपल्या जिल्ह्यात करडईचे घाण्याचे तेल सहज मिळते. ते किंवा सूर्यफुलाचे तेल चंदीत कालवावे. आरंभी दोन चमचे, मग दर तीन-चार दिवसांनी थोडे वाढवत तीन आठवड्यांत दिवसाला २०० मिलिलिटरपर्यंत न्यावे. एवढ्या तेलातून या घोडीच्या विश्रांतीच्या दिवसाच्या गरजेपैकी सुमारे सातवा भाग ऊर्जा मिळते, आणि तीही पिष्टाशिवाय. लीद सैल किंवा तेलकट झाली तर प्रमाण लगेच कमी करावे. खवट तेल देऊ नये आणि तेल चालू असेपर्यंत ई जीवनसत्त्वाची जोड द्यावी.

हा सर्व बदल एका दिवसात करू नये. जुन्या आहारातील थोडा भाग काढून तेवढाच नवा घालत दहा ते चौदा दिवसांत पूर्ण आहार बदलावा, कारण आतड्यातील जिवाणूंना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला तेवढा अवधी लागतो. वैरण आधी आणि चंदी नंतर, हा क्रम पाळावा.

मीठ आणि पाणी यांविषयी थोडे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरातीची घोडी झूल, दागिने व माणूस अंगावर घेऊन तासन्‌तास उभी असते. घोड्याच्या घामातून मीठ मोठ्या प्रमाणात जाते. ते भरून न निघाल्यास तहान मंदावते, पाणी कमी जाते आणि खाणेही घटते. रोज ३५ ग्रॅम साधे मीठ चंदीत घालावे, घामाच्या दिवशी ते वाढवावे आणि ठाणावर स्वच्छ पाणी अष्टौप्रहर ठेवावे. थंड दिवसांत पंधरा-वीस लिटर पाणी पिणारी घोडी उन्हात काम असताना चाळीस लिटरही पिते. पुढील हंगामात वरातीला निघण्यापूर्वी तिला किलो-दीड किलो वैरण खाऊ घालावी, टेम्पोत वैरणीची जाळी आणि पाण्याची बादली ठेवावी, आणि परत आल्यावर आधी पाणी, मग वैरण व तासाभराने चंदी द्यावी. वऱ्हाडी मंडळी हौसेने घोडीच्या तोंडाला बुंदी, पेढे लावतात. त्यांना नम्रपणे थांबवावे.

गुळाचा खडा अधूनमधून चालेल, पण तो आहार नव्हे. अंडी अनावश्यक आहेत. कणकेचे गोळे तर बंदच करावेत, कारण ते चिकट असल्याने अन्ननलिकेत अडकण्याचा धोका असतो. इंजेक्शनांबद्दल विचाराल, तर कोणत्या कुपीत काय आहे हे न सांगता दिलेले ताकदीचे इंजेक्शन आपल्या घोडीच्या अंगात मुळीच जाऊ देऊ नये. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. काही दिवस भूक वाढल्यासारखी वाटते आणि पुढे पायांची व गर्भधारणेची जी हानी होते ती कोणी भरून देत नाही.

प्रश्न : माझी शेती मंगळवेढा तालुक्यात आहे. बैलांसाठी कडवळ करतो, उसाचे वाढेही मिळते. सोलापूरच्या बाजारात टाकाऊ कांदा स्वस्त असतो. एक घोडा पाळला आहे, तो बारीक आहे. हेच सर्व त्याला घातले तर चालेल काय? गोळी पेंड द्यावी काय?

उत्तर : कडवळ घोड्याला चारू नये. कोवळ्या आणि पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक असतो, हे बैल पाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. घोड्याच्या बाबतीत त्याहून वेगळी, सावकाश होणारी बाधाही घडते. काही आठवडे हिरवी ज्वारी खाल्लेल्या घोड्याचा मूत्राशयावरचा ताबा सुटतो, मूत्र थेंब-थेंब गळत राहते, मागचे पाय डगमगू लागतात आणि एकदा मज्जातंतूंची हानी झाली की घोडा क्वचितच पूर्ण बरा होतो. पूर्ण पक्व ज्वारीचा, नीट वाळलेला कडबा आणि हिरवे कडवळ हे एकाच पिकाचे असले तरी घोड्यासाठी ते दोन निराळे चारे आहेत असेच मानावे.

वाढे आणि नेपियर गवत यांत ऑक्झॅलेट अधिक असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून ही वैरण रोजची व मुख्य असू नये. अडचणीच्या वेळी थोडी दिली तर तिच्यासोबत लसूणघास अवश्य द्यावा. कांदा, कांद्याची पात आणि कांद्याची टरफले मुळीच देऊ नयेत, कारण कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व त्याला रक्तक्षय होतो. आधीच बारीक असलेल्या घोड्याला ही फुकटची वैरण फार महागात पडेल.

जनावरांची गोळी पेंडही नको. तिच्यात युरिया असू शकतो, त्याचा घोड्याला उपयोग नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मोनेन्सिन. हे द्रव्य कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मिसळतात. कोंबडीला ते मानवते, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र ते अल्प मात्रेतही निकामी करते. कोंबडीखाद्याची रिकामी पोतीसुद्धा घोड्याची चंदी साठवण्यासाठी वापरू नयेत. आपल्याकडे भुईमूग होत असेल तर त्याचा वाळलेला पाला ही उत्तम वैरण आहे. फक्त झटकून, माती काढून द्यावा. पोटात माती साठते आहे का, हे पाहण्यासाठी लिदेचे पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात कुस्करावेत, पाणी स्थिर झाल्यावर वरचा चोथा ओतून द्यावा आणि तळ बोटाने चाचपावा. बोटाला वाळू लागली तर वैरण जमिनीवर टाकणे त्याच दिवशी थांबवावे.

प्रश्न : बाजारातून एक घोडी आणली. हाडांचा सापळा आहे, उठताना धडपडते. दया येऊन आणल्यापासून तिला पोटभर हरभरा घालावा असे घरातील सर्वांना वाटते. किती घालावा?

उत्तर : पहिले दोन आठवडे हरभरा मुळीच घालू नये. आपल्या घरच्यांची दया योग्य आहे. परंतु दीर्घ उपासमारीनंतर पोटभर दाणा मिळालेला घोडा पहिल्या आठ-दहा दिवसांतच दगावू शकतो, आणि त्याचे कारण उपासमार नसून तो दाणा असतो. दाण्यातील साखर रक्तात चढते, इन्सुलिन वाढते आणि त्याबरोबर रक्तातील स्फुरद, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन रक्तात त्यांची पातळी एकाएकी घसरते. मग हृदय आणि श्वसनाचे स्नायू थकतात.

पहिले तीन दिवस केवळ वाळलेला, पानेदार लसूणघास द्यावा, तोही अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमी, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. त्यात पिष्ट कमी आणि प्रथिने व मॅग्नेशियम चांगले असल्यामुळे अशा घोडीस तो सर्वांत सुरक्षित ठरतो. चौथ्या दिवसापासून प्रत्येक वेळचे प्रमाण हळूहळू वाढवून वेळा कमी कराव्यात; दहा दिवसांनंतर ती खाईल तेवढी वैरण द्यावी. पाणी सतत असावे. तेल, गूळ, कोंडा यांपैकी काहीही या काळात नको. जंताचे औषधही घोडी थोडी सावरल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच द्यावे, कारण अशक्त शरीराला एकदम मेलेल्या जंतांचा भार सोसत नाही. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला रोज पाहावे आणि शक्य असल्यास रक्त तपासावे, असा माझा आग्रह आहे. घरातील इतर घोड्यांपासून तिला किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे. तिचे वजन पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतील.

प्रश्न : आमच्याकडे भीमथडी जातीचा एक तट्टू आहे. काम फारसे नाही. पावसाळ्यात बांधावर चरून तो फुगतो आणि उन्हाळ्यात उतरतो. वर्षभर वजन सारखे कसे ठेवावे?

उत्तर : भीमा-नीरेच्या खोऱ्यात मेंढपाळांच्या सामानासह चालत आलेला हा प्राणी अल्प वैरणीवर तग धरण्यासाठीच घडला आहे, म्हणून मारवाडी घोडीचा हिशेब त्याला लावू नये. कोवळ्या हिरवाईवर तो लवकर सुटतो. मानेच्या वरच्या कडेला, आयाळीच्या मुळाशी घट्ट चरबीचा पट्टा हाताला लागू लागला आणि शेपटीच्या मुळाशी मऊ गाद्या आल्या की चरणे दिवसातून दोन-तीन तासांवर आणावे. उरलेल्या वेळेसाठी शरीराच्या वजनाच्या दीड टक्का या हिशेबाने कोरडी, कमी पोषणाची वैरण जाळीत द्यावी. चंदी पूर्ण बंद, मीठ व खनिज मिश्रण चालू, आणि रोज तासभर चालवणे. त्याला एकदम उपाशी मात्र ठेवू नये, कारण जाड तट्टूची वैरण अचानक तोडली तर अंगातील चरबी रक्तात उतरून यकृत बिघडते.

उन्हाळ्यातील उतार रोखण्यासाठी मार्गशीर्ष-पौषातच पुढच्या वैरणीची तजवीज करावी. पावसाळ्याअखेर फुलोऱ्यापूर्वी कापून सावलीत वाळवलेले गवत साठवून ठेवले, आणि फाल्गुनात हिरवे संपताच दीड टक्क्यावरून दोन टक्क्यांवर नेले, तर त्याला दाण्याची गरज पडणार नाही. दर पंधरा दिवसांनी टेप लावून आकडा वहीत लिहावा. हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत तो पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, वळताना अडखळला किंवा खूर हाताला गरम लागला, तर त्याला चालवू नये, मऊ वाळूवर उभे करावे, हिरवा चारा काढून घ्यावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे.